पुढचा खर्च थांबण्यावर करा

पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगावात २०१५ साली एक छोटी गाडी तयार होऊ लागली. तिचं नाव अबार्थ पुंटो. बाहेरून नेहमीची हॅचबॅक, आत मात्र १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर टॉर्क. त्याआधी २०१३मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली होती, २०१७मध्ये मारुतीची बलेनो आरएस आली, २०२१मध्ये टाटा अल्ट्रोज आय-टर्बो आणि ह्युंदाई आय-२० एन लाइन, २०२४मध्ये अल्ट्रोज रेसर. मध्यमवर्गीय घराच्या अंगणात मावणारी आणि तरीही पिकअपने पाठ सीटला टेकवणारी गाडी अशी दहा वर्षांत आपल्याकडे रुळली. मालकाची हौस तिथे थांबत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून, म्हणजे रिमॅप करून, ताकद आणखी वाढवता येते. ते झालं की सहा महिन्यांत पुढचा प्रश्न येतो: आता गाडीत काय टाकायचं? मोठा टर्बो, मोकळा सायलेन्सर, की आणखी तिखट मॅप? अहिल्यानगर जिल्ह्याचे रस्ते, इथली हवा आणि इथलं इंधन समोर ठेवलं तर उत्तर एकच निघतं. ताकदीवर एकदा खर्च झाला असेल, तर पुढचा प्रत्येक रुपया गाडी थांबवणं, रस्ता धरून ठेवणं आणि इंजिन थंड राखणं यांवरच लावला पाहिजे.

आधी रिमॅपने नेमकं काय होतं ते पाहू. टर्बो म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ही हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे कॉम्प्युटर ठरवतो. रिमॅप करणारा हेच तीन आकडे बदलतो. पार्ट एकही बदलत नाही, तरी गाडी दुसरीच वाटते. त्यामुळे कंपनीने मुद्दाम ताकद दाबून ठेवली होती, असा समज होतो. प्रत्यक्षात कंपनीने सोडलेली ती जागा राखीव असते. ती असते उन्हासाठी, उंचीसाठी, हलक्या पेट्रोलसाठी आणि सर्व्हिसिंग लांबवणाऱ्या मालकासाठी. रिमॅप ही राखीव जागा आधीच खर्च करतो.

आता ही राखीव जागा नगरला किती लागते ते बघा. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के कमी भरतो. मुंबईत जी हवा टर्बोने दुप्पट दाबून इंजिनात भरली, तेवढीच नगरला भरायची तर ती २.१५ पट दाबावी लागते, म्हणजे टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यात उन्हाळा. हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरून हिशोब केला, तर किनाऱ्यावर १५ अंशांची हवा टर्बोतून १०५ अंशांच्या आसपास बाहेर पडते, आणि नगरच्या ४० अंशांच्या दुपारी तीच १५० अंशांच्या घरात जाते. ही हवा इंटरकूलरने गार केली नाही तर सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी पेट घेतं, इंजिन ठोकतं. कॉम्प्युटरला ती ठोक कळली की तो ठिणगी मागे घेतो आणि विकत घेतलेली ताकद तिथेच संपते. म्हणून चांगला इंटरकूलर नवी ताकद देत नसला, तरी कागदावर मिळालेली ताकद मे महिन्यातही हातात ठेवतो. आणि तो बदलण्याआधी, पुढचा बंपर उघडून आहे तोच इंटरकूलर धुवून घ्यावा. काळ्या मातीचा चिखल आणि हंगामातलं पाचट जाळीत बसलं, की महागातला इंटरकूलरही पत्र्याच्या डब्याइतकाच उपयोगी.

इंधनाचा प्रश्न तर या जिल्ह्याच्या शेतातूनच सुरू होतो. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला पाऊणशे वर्षं झाली. आज उसाच्या पट्ट्यातले कारखाने साखरेबरोबर इथेनॉलही काढतात आणि २०२५पासून देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. टर्बो गाडीसाठी इथेनॉल वाईटच, असं मानणं चूक आहे. त्याचा ऑक्टेन चांगला आणि बाष्प होताना ते हवा गार करतं, म्हणून ठोक कमी होते. पण त्याला जळायला हवा कमी पुरते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. मूळ गाडीचा कॉम्प्युटर एका मर्यादेत हे सांभाळून घेतो. जुन्या इंधनावर बेतलेल्या रिमॅपमध्ये मात्र पूर्ण दाबावर इंजेक्टर आधीच टोकाला पोचलेले असतील, तर मिश्रण लीन पडतं, ज्वाला तापते आणि पिस्टन-व्हॉल्व्ह भाजतात. म्हणून जुना रिमॅप असलेल्या गाडीने नवा पार्ट घेण्याआधी, आज टाकीत जे इंधन पडतं त्यावर मॅप पुन्हा तपासून घ्यावा. मूळ गाडीच २० टक्के मिश्रणासाठी बनलेली नसेल, तर इंधनाच्या रबरी नळ्याही पाहाव्यात. या कामाचा फोटो काढावासा वाटणार नाही, पण इंजिनचं आयुष्य त्यावर आहे.

गिअरबॉक्सचंही तसंच. पोलो जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. कंपनीने इंजिन १७५वर ठेवलं. रिमॅपने ते २३०-२४०कडे नेलं की पुढच्या तिखट मॅपला जागाच उरत नाही. नाकापेक्षा मोती जड होतो. लहान टर्बो इंजिनांना, विशेषतः पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्यांना, आणखी एक आजार आहे. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो, आणि असा एक स्फोटही पिस्टन फोडू शकतो. त्यावर उपाय म्हणून २०२०मध्ये एपीआय एसपी दर्जाचं ऑइल आलं. योग्य ग्रेडचं ऑइल वेळेआधी बदलणं आणि स्पार्क प्लग ठरलेल्या गॅपने लावणं ही ट्यून केलेल्या गाडीची सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

पण खरा युक्तिवाद इंजिनच्या बाहेर, रस्त्यावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर या भागांत रात्री रस्त्यावर काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. पुढे ट्रॅक्टर, मागे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या. ऊस बाहेर इतका आलेला की शेवटच्या ट्रॉलीला दिवा असला तरी वाढ्यांखाली झाकलेला, रिफ्लेक्टरवर मातीचा थर. वेग माणसाच्या धावण्याएवढा. आता आकडे मांडू. कोरड्या डांबरावर बऱ्या टायरने ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला ब्रेक लागल्यापासून सुमारे ४९ मीटर लागतात, १२०वरून ७१. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात अनुक्रमे २८ आणि ३३ मीटरची भर पडते. एकूण ७७ आणि १०४. वेग २० टक्क्यांनी वाढला, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली. हा २७ मीटरचा फरक म्हणजे ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या यांच्या एकूण लांबीहून जास्त. आणि डिपरवर हेडलाइटचा उपयोगी उजेड साधारण ५०-६० मीटर पडतो. म्हणजे ताशी १०० वेगातही, दिसल्यावर थांबणं शक्य नसतं. रिमॅप या गणितात एक मीटरही कमी करत नाही. तो फक्त गाडीला या गणितात लवकर आणून सोडतो.

ताकद वाढवताना गाडी बनवणारे स्वतः काय करतात, हाही पुरावाच आहे. अबार्थ पुंटोला चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, गाडी खाली आणली, सस्पेन्शन कडक केलं. बलेनो आरएसला मागेही डिस्क आली, आय-२० एन लाइनलाही. ज्यांच्याकडे इंजिनिअर, प्रयोगशाळा आणि चाचणीचे ट्रॅक आहेत त्यांनी ताकदीबरोबर ब्रेक वाढवले. नगर ही तर रणगाड्यांची नगरी. चिलखती दलाचं केंद्र इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे. रणगाडा आखताना मारा, गती आणि कवच या तिन्हींचा तोल सांभाळतात. एक वाढवलं की उरलेल्या दोन्हींचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीलाही पळणं, वळणं आणि थांबणं यांचा असाच तोल लागतो.

मग क्रम कसा असावा? पहिला क्रमांक टायरचा, कारण इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचं सगळं काम तळहाताएवढ्या चार ठिकाणी रस्त्याला टेकतं. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, त्याचं रबर कडक झालेलं असणार. पकड ०.८वरून ०.९वर गेली, तरी १०० किलोमीटरच्या वेगात पाच मीटर आधी गाडी थांबते. माप कंपनीने मंजूर केलेलंच ठेवावं. नगर–मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत पातळ साइडवॉलचे मोठे अलॉय टिकत नाहीत. दुसरा क्रमांक ब्रेकचा. त्यासाठी लाखभराची किट लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५वर येते. करंजी किंवा चंदनापुरी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला आणि जुनं ऑइल उकळलं, की पेडल स्पंजसारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल, चांगले पॅड, सरळ डिस्क, एवढ्याने बहुतेक गाड्यांचं काम भागतं. तिसरा क्रमांक शॉकअप, बुश आणि अलाइनमेंटचा. उडणारं चाक ना पळवतं ना थांबवतं. चौथा इंटरकूलर आणि कूलिंगचा. हेडलाइटची काच स्वच्छ आणि झोत सरळ ठेवणं हे काम या यादीच्या आधीचं. समोरच्याला आंधळं करणारे बल्ब हा त्यावरचा उपाय नाही.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, ब्रेक-टायरने गाडी फास्ट होत नाही. सरळ रस्त्यावर हे खरं. पण भंडारदऱ्याच्या वळणांवर गाडी किती वेगाने जाते, हे वळणाआधी किती खात्रीने वेग उतरवता येतो आणि वळणात चाक किती धरतं यावर ठरतं. पकड वाढली की आहे तीच ताकद जास्त वापरता येते. दुसरा आक्षेप असा की, परदेशात हीच इंजिनं याहून जास्त ताकदीवर वर्षानुवर्षं चालतात. चालतात, पण थंड हवेत, चांगल्या ऑक्टेनवर, आणि बहुतेकदा दणकट क्लच-गिअरबॉक्सबरोबर. तिथला आकडा उचलून आणता येतो, तिथलं हवामान आणता येत नाही. तिसरा आक्षेप हक्काचा आहे: गाडी माझी, पैसा माझा. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे. देशात विकायच्या गाडीचा नमुना ज्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांत केंद्रीय मोटार वाहन नियम १२६नुसार नगरच्या व्हीआरडीईचं नाव आहे. तपासलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी एकच असावी, हा त्या तपासणीचा अर्थ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा डाउनपाइप हा तर शेजाऱ्याच्या नाकात धूर सोडण्याचा प्रकार आहे. तो सुधारणेत मोजूच नये. विमा कंपनीपासून लपवलेला बदल अपघातानंतर क्लेम अडवू शकतो, हेही घरच्यांशी बोलून ठेवण्यासारखं आहे.

ज्यांना गाडीचा शेवटचा दमही पाहायचा आहे त्यांच्यासाठी ट्रॅक आहेत, कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. तिथे समोरून ऊस येत नाही. आणि तिथेही दोन फेऱ्यांत आधी दमतात ते ब्रेक आणि टायरच, इंजिन नंतर. हौस मोठी असावी, तिला नाव ठेवण्याचं कारण नाही. यंत्रावर प्रेम करणारी माणसं गाडी जास्त काळजीने ठेवतात. त्याच काळजीने, पुढचा पार्ट मागवण्याआधी गाडीच्या चारही टायरवरचे आकडे वाचा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिस बुकात पाहा. ती तारीख सापडत नसेल, तर तुमची पुढची सुधारणा ठरलेली आहे.