मूतखड्याच्या कळेबरोबर ताप आला तर

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. यंत्रमागावर घाम गाळणारे कामगार आणि घरी विड्या वळणाऱ्या भगिनी कामाच्या नादात पाणी कमी पितात. लघवी घट्ट होते, क्षार साचतात आणि मूतखडा तयार होतो. कळ आली की गोळी घेऊन झोपायचे, हे अनेक घरांत चालते. पण कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका.

खडा मूत्रवाहिनीत अडकला की लघवी किडनीत तुंबते. तिच्यात जंतू वाढले आणि ते रक्तात पसरले, तर जिवावर बेतते. अशा वेळी नुसत्या औषधाने भागत नाही. तुंबलेली लघवी आधी बाहेर काढावी लागते.

त्यासाठी पोट उघडण्याची गरज नाही. एक मार्ग म्हणजे लघवीच्या वाटेने आत स्टेंट बसवणे. दुसरा पाठीतून. पाठीची जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सुई किडनीत नेतात, तिच्यातून तार सरकवतात आणि तारेवरून बारीक नळी बसवतात. लघवी पिशवीत उतरू लागते. याला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. अमेरिकेतील डॉ. गुडविन यांनी 1955 मध्ये ही पद्धत मांडली. 1976 मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी याच वाटेने खडा काढून दाखवला. ताप उतरल्यावर खड्याचा इलाज सावकाश करता येतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. नळी ओढली जाणार नाही, पिशवी कमरेच्या खाली राहील, हे पाहा. आत स्टेंट असेल, तर तो काढण्याची तारीख लिहून ठेवा. दुखणे थांबले म्हणून स्टेंट विसरला, तर त्याच्यावरच खडे चढतात.

लघवीचा त्रास सांगायला अनेक भगिनी संकोचतात. महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स असावी, असे मोकळेपणाने सांगता येते. वारंवार खडे होणाऱ्यांनी रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूतखड्याच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मात्र ताप असेल, तर आधी रुग्णाला दाखल करा. कागद मागून आणता येतात.