जुना कपडा जातो कुठे?

२००० साली जगात सुमारे ५.८ कोटी टन वस्त्रतंतू तयार झाले, २०२३मध्ये १२.४ कोटी टन. माणसं काही दुप्पट झाली नाहीत, कपाटं भरली. यात निम्म्याहून अधिक वाटा पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलापासून बनलेल्या प्लास्टिकचा. दर धुण्यात त्याचे सूक्ष्म धागे सुटून सांडपाण्यात जातात. सुती कपडाही पाणी पितोच: एका टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर.

चिलीतल्या इकिके बंदरात जगभरचे वापरलेले आणि न खपलेले कपडे उतरतात. तिथेही गिऱ्हाईक न मिळालेल्यांचे ढीग आल्तो ओस्पिसिओजवळ, अटाकामा वाळवंटात साचले आहेत. हरियाणातलं पानिपत मात्र परदेशी जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतं आणि स्वस्त ब्लँकेटं विणतं.

आपल्याकडे लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, बाळाची दुपटी व्हायची, उरलेल्याचं पोतेरं. धडके कपडे बोहारीण न्यायची आणि बदल्यात भांडं द्यायची. हे सगळं टंचाईतून आलेलं होतं, पण त्यात कपड्याला किंमत होती. आजचा पॉलिएस्टरचा कुडता पाणीच टिपत नाही, त्यामुळे पुसायलाही निरुपयोगी. मिश्र धाग्यांचा कपडा पुन्हा सूत करायलाही अवघड.

जबाबदारी एकट्या गिऱ्हाइकावर टाकणं अन्यायाचं आहे. फ्रान्सने २०२२पासून कंपन्यांना न खपलेले कपडे नष्ट करायला कायद्याने मनाई केली आहे. असं बंधन आपल्याकडेही हवं.