अत्तर, वाघीण आणि पिंजरा

२०१८च्या पावसाळ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात एका वाघिणीसाठी वनखात्यानं काय काय आणलं, ते आज आठवलं तरी चक्रावायला होतं. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, कुत्री, हत्ती, पॅराग्लायडर. आणि या सगळ्यांबरोबर केल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन फॉर मेन' हे पुरुषांसाठीचं अत्तर. वाघिणीचं कागदोपत्री नाव टी-१, लोकांच्या तोंडी अवनी. २०१६पासून १३ माणसं गेली, त्यांचा ठपका तिच्यावर होता, आणि सोबत तिचे दोन बछडे होते. गोळी घालण्याच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरात स्थगिती नाकारली. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. त्या परिसरात दुसऱ्या वाघिणीचं मूत्र आणि अत्तर शिंपडलं होतं, ते हुंगत ती आली, असं वनाधिकाऱ्यांच्या हवाल्यानं तेव्हा छापून आलं. तिला गोळी घातल्यावरून मोठा वाद पेटला. वासाची मात्र नुसती थट्टा झाली.

वास्तविक हा उद्योग हास्यास्पद नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली दोन चित्त्यांपुढे २४ अत्तरं ठेवून पाहिली होती. एस्टे लॉडरच्या 'ब्यूटिफुल'पाशी ते जेमतेम दोन सेकंद थांबले, रेव्हलॉनच्या 'चार्ली'पाशी साडेपंधरा. 'ऑब्सेशन'पाशी मात्र सरासरी अकरा मिनिटं रेंगाळले. यात सापळ्याचा विचारही नव्हता. बंदिस्त जनावराचा वेळ जावा, एवढाच हेतू. पुढे ग्वाटेमालाच्या माया संरक्षित क्षेत्रात वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटीच्या अभ्यासकांनी तेच अत्तर कॅमेऱ्यांसमोर फवारलं. जॅग्वार हुंगायला थबकला की त्याच्या अंगावरचे ठिपके फोटोत स्पष्ट येतात, आणि ठिपक्यांवरून एकेक जॅग्वार वेगळा ओळखता येतो.

कॅमेऱ्याला अशी घटकाभराची उत्सुकता पुरते. बेशुद्धीचं इंजेक्शन भरून अंधारात बसलेल्या माणसाला ती पुरेल याची खात्री नाही. शिवाय चित्ते दोनच, तेही पिंजऱ्यातले. त्यांच्या वागण्यावरून, बछडे घेऊन फिरणारी आणि माणसांच्या पाठलागाला सरावलेली वाघीण काय करील, हे ताडणं मला फार लांबची उडी वाटते.

त्या अत्तरात मार्जारकुळाला ओढणारं नेमकं काय? बहुतेकांचा संशय सिव्हेटोनवर. जवादी मांजराच्या (हे नावापुरतंच मांजर, कूळ वेगळं) शेपटीखालच्या ग्रंथीतून निघणाऱ्या द्रव्यातला हा मुख्य गंधरेणू. लिओपोल्ड रुझिचका यांनी १९२६ साली त्याची रचना उलगडली. सतरा कार्बन अणूंचं एवढं मोठं कडं टिकू शकतं, यावर तोवर रसायनशास्त्रज्ञांचा विश्वासच नव्हता. १९३९च्या त्यांच्या नोबेलमागे या कामाचाही वाटा होता. सिव्हेटोन उग्र, पण सौम्य केलं की मोहक, आणि मुख्य म्हणजे चिवट. हलके वास उडून गेले तरी ते टिकतं. अत्तरवाल्याला हा गुण हवा असतो, आणि सापळेवाल्यालाही.

वाघ स्वतः तेच तंत्र वापरतो. शेपटी उभी करून तो झाडाच्या बुंध्यावर मागच्या मागे जी पिचकारी मारतो, तिचा अभ्यास कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी आयुष्यभर केला. ओडिशात सिमलीपालला सरोज राज चौधरींनी घरात वाढवलेली 'खैरी' वाघीण त्यांना अभ्यासायला मिळाली. त्या द्रवातले स्निग्ध पदार्थ उडून जाणाऱ्या रेणूंना धरून ठेवतात आणि वास हळूहळू सोडतात, हे त्यांनी दाखवलं. आणखी एक गंमत त्यांच्या हाती लागली: सुवासिक तांदळाला ज्यामुळे वास येतो तो २-असिटिल-१-पायरोलिन हा रेणू त्यांच्या गटाला वाघाच्या द्रवातही सापडला. भंडारा-गोंदियाकडच्या चिन्नोर तांदळाचा भात रटरटताना जो दरवळतो, त्याच जातीचा वास. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी २००८ साली बंगाली वाघांच्या द्रवाचं पृथक्करण केलं, तेव्हा कितीतरी संयुगं मिळाली, पण हा भाताचा रेणू काही मिळाला नाही. वाद मिटलेला नाही. जंगलात वाघाची ताजी खूण हुंगलेल्यांचं मत विचाराल, तर ते बहुधा ब्रह्मचारींच्या बाजूनं पडेल.

तेव्हा बोराटीत शिंपडलेलं वाघिणीचं मूत्र हे अत्तरापेक्षा अधिक अर्थपूर्ण आमिष होतं, असं माझं मत. अत्तरातून जनावराला फार तर 'हे काय बुवा?' एवढंच वाटेल. मूत्रातून कळतं की आपल्या हद्दीत दुसरी शिरली आहे. बछड्यांच्या आईला त्याकडे काणाडोळा करणं परवडत नाही.

हा भेद अमेरिकेतले कोयोटी पकडणारे लोक केव्हापासून जाणतात. भुकेसाठी मासळीचं तेल आणि नासवलेलं मांस. हद्दीसाठी कोयोटीचंच मूत्र आणि आंबवलेल्या ग्रंथी. नुसत्या कुतूहलासाठी बीव्हरच्या ग्रंथीतलं कॅस्टोरियम. लांबवर वास पोचवायचा तर त्यात स्कंकचा दर्प. थंडीत मिश्रण गोठू नये म्हणून ग्लिसरीन. एवढं करूनही सापळा रिकामा राहतो, कारण कोयोटीला आमिषाआधी माणसाचा वास लागतो. म्हणून सापळे सालींच्या काढ्यात उकळायचे, रबरी हातमोजे घालायचे, वाऱ्याची दिशा बघायची. आमिष फार कडक झालं तरी जनावर बिचकून लांबूनच फेरी मारतं. बनवण्याइतकंच महत्त्व मात्रेला. १९७०च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधकांनी हीच विद्या गणतीसाठी वापरली. चाळलेल्या मातीचं वर्तुळ, मधोमध आंबवलेल्या अंड्याचा वास, आणि सकाळी उमटलेल्या पावलांची नोंद.

मातीच्या वर्तुळात कोल्हा आला, रानमांजर आलं, कुत्रं आलं, तरी बिघडत नाही. उलट तीही माहितीच. सापळ्यात बिघडतं. अमेरिकेत एम-४४ नावाची नळी जमिनीत रोवायचे. वर वासाचं आमिष, आत सायनाइड. कोयोटीनं दातांनी ओढलं की विष तोंडात उडायचं. २०१७च्या मार्चमध्ये आयडाहोतल्या पोकाटेलो गावाजवळ ही नळी एका शाळकरी मुलाच्या हातून उडाली. तो वाचला, त्याचं कुत्रं तडफडून मेलं. वासानं आपलं काम चोख केलं होतं.

वासामागून नेमकं कोण येईल, हाच प्रश्न जुन्नरच्या उसात बिबट्याच्या पिंजऱ्याशी उभा राहतो. पिंजऱ्याच्या एका कप्प्यात शेळी बांधतात. तिचा वास आणि ओरडणं त्या रात्री जवळपास असलेल्या कुठल्याही बिबट्याला बोलावतं. हल्ला करणारा तोच, याची काहीच हमी नाही. २००१नंतर तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या अभ्यासानुसार त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. पकडलेल्यांतले किती जण माणसाच्या वाटेला पूर्वी कधी गेले होते, हे तपासण्याची पद्धतच नव्हती. अत्रेय यांच्या गटानं बिबट्यांच्या शेपटीत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे सोडलेला बिबट्या पुन्हा सापडला तर ओळखता येऊ लागला. वाघाच्या बाबतीत आज मारण्या-पकडण्याआधी पट्ट्यांवरून ओळख पटवणं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत आहे. बिबट्याचे ठिपकेही तितकेच वेगळे असतात. पण हल्ल्यानंतर गाव रस्त्यावर उतरलेलं असतं, आमदारांचा फोन आलेला असतो, आणि फोटो जुळवत बसायला वनपालाला कुणी वेळ देत नाही. शेळी मात्र तासाभरात मिळते.