राजाच्या सहीतलं एक अक्षर

१८ ऑगस्ट १९४७. भारत स्वतंत्र होऊन तीन दिवस झाले होते. त्या तारखेचं एक पत्र इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्याकडून त्यांच्या आईला, राणी मेरीला आलं. एरवी राजाच्या नावापुढे ‘आर. आय.’ अशी दोन अक्षरं असत. ‘रेक्स इंपरेटर’, म्हणजे राजा आणि सम्राट. सम्राट अर्थातच हिंदुस्थानचे. या पत्रात ‘आय’ नव्हता. राणी मेरीने त्याच पाकिटाच्या मागे नोंद केली की हिंदुस्थानचा ‘आय’ गळलेलं बर्टीचं (घरी राजाला याच नावाने हाक मारत) हे पहिलंच पत्र आहे आणि याचं फार वाईट वाटतं.

ब्रिटिश राजघराण्याची पत्रं आणि वस्तू जमवणारे जगभर आहेत. लिलावांत त्यांच्या बोलीने मोठमोठ्या किमती चढतात. पण या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत बोलका कागद कोणता, असं मला विचाराल तर मी या पाकिटाकडे बोट दाखवीन. एका अक्षराच्या जाण्याने एका आईला साम्राज्य संपल्याचं कळलं, आणि ते अक्षर आपलं होतं.

हे अक्षर आलं १८७६च्या कायद्याने. १ जानेवारी १८७७ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याची घोषणा केली. त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, खादीच्या पोशाखात हजर होते. ब्रिटिश प्रजेला आहेत तेच राजकीय आणि सामाजिक हक्क हिंदी लोकांना द्या, अशी मागणी सभेने तिथे मांडली. अक्षर जन्मलं त्याच ठिकाणी त्याचा हिशेबही मागितला गेला होता. त्यानंतर व्हिक्टोरियाच्या सहीत ‘व्ही. आर.’च्या जागी ‘व्ही. आर. आय.’ येऊ लागलं. इंग्लंडच्या नाण्यांवर ‘इंड. इम्प.’ यायला मात्र १८९३ उजाडलं.

संग्राहकाला याचा रोख उपयोग होतो. तारीख नसलेल्या चिठ्ठीवर ‘आर. आय.’ दिसलं, तर ती १८७६च्या आधीची असूच शकत नाही. व्हिक्टोरियाच्या कागदाला काळी किनार असेल तर ती बहुधा १४ डिसेंबर १८६१नंतरची, कारण त्या दिवशी तिचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले आणि राणीने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, २२ जानेवारी १९०१ला स्वतः जाईपर्यंत, दुखवट्याचा कागद सोडला नाही.

राजाची सही कागदावर कुठे असते, हेही पाहायला हवं. लष्करी नेमणुकीच्या सनदांवर ती डोक्यावर असते, तळाशी नाही. मोडी दफ्तरं हाताळलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. शिवकालीन पत्रातही शिक्का वर आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब असे. मोर्तबीचं काम साधं होतं: मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये. मार्च १५५४मध्ये राजकन्या एलिझाबेथने हीच काळजी वेगळ्या रीतीने घेतली. तिला टॉवर ऑफ लंडनमध्ये न्यायला माणसं आली, तेव्हा तिने बहिणीला, राणी मेरी ट्यूडरला, विनवणीचं पत्र लिहिलं. दुसऱ्या पानावर जागा उरली. कोणी त्यात राजद्रोहाचा मजकूर भरू नये म्हणून तिने ती कोरी जागा तिरप्या रेघांनी भरून टाकली आणि अगदी खाली सही केली. हे पत्र आज क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. सहीपेक्षा त्या रेघा मला जास्त बोलतात. जिवावर बेतलेल्या वीस वर्षांच्या मुलीचा हात त्यांत दिसतो.

सही दिसली म्हणजे राजाने स्वतः लेखणी धरली, असंही नाही. आठव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या सहीचा कोरडा ठसा कागदावर दाबत आणि उमटलेल्या खोबणीत कारकून शाई भरत असे. १८३०मध्ये चौथ्या जॉर्जचा हात चालेना, तेव्हा ठशासाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला. या दोघांची ‘सही’ विकत घेणाऱ्याने आधी हे जाणून घ्यावं.

पत्रांबाबत व्हिक्टोरियाची बरोबरी कोणी करू शकत नाही. रोज सरासरी अडीच हजार शब्द ती लिहीत असावी, असा चरित्रकार जाइल्स सेंट ऑबिन यांचा अंदाज आहे. पण इतकं लिहून काय उरलं? तेरा वर्षांची असल्यापासून लिहिलेली रोजनिशी धाकटी मुलगी बिआट्रिसने आईच्याच इच्छेने नव्या वह्यांत उतरवली. उतरवताना खटकणारं गाळलं आणि बहुतेक मूळ वह्या जाळल्या. आग्र्याहून १८८७मध्ये आलेल्या मुन्शी अब्दुल करीमकडून राणी उर्दू शिकली. तिच्या उर्दू लिपीतल्या वह्या टिकल्या, पण मुन्शीला लिहिलेली पत्रं टिकली नाहीत. राणी गेल्यावर सातव्या एडवर्डच्या हुकमाने ती मुन्शीच्या घरातून काढून विंडसरला जाळण्यात आली. म्हणजे आज बाजारात जे येतं ते आगीतून सुटलेलं आहे. सम्राज्ञी आपल्या हिंदी शिक्षकाशी कोणत्या शब्दांत बोलत होती, हे सांगणारी ती पत्रं गेली, याची मला आजही चुटपुट लागते.

वस्तूंचा बाजार निराळ्या तर्काने चालतो. आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचे कप दुर्मीळ, अशी अनेकांची समजूत असते. राज्याभिषेक झालाच नाही, मग वस्तू मोजक्याच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात १२ मे १९३७ या ठरलेल्या तारखेसाठी कारखान्यांनी ते आधीच ढिगाने बनवले होते. तारीख तीच राहिली, राजा तेवढा बदलला. दुर्मीळ आहेत ते त्याने राजा म्हणून सही केलेले कागद, कारण तो गादीवर होता जेमतेम ३२६ दिवस. १० डिसेंबर १९३६च्या राज्यत्यागाच्या पत्रावरही त्याने ‘आर. आय.’ अशीच सही केली. याच एडवर्डच्या लग्नातल्या केकचा तुकडा १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २९,९०० डॉलरला गेला. केकचा तुकडा काहीही सांगत नाही. तेवढ्या पैशात किती पत्रं सुरक्षित ठेवता आली असती, हाच विचार मनात येतो.

आता आपल्या घराकडे वळू. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या नाताळात, ब्रिटिश फौजेत असलेल्यांसाठी राजकन्या मेरीच्या नावाने पितळी डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्या शिपायाच्या डबीत तंबाखू आणि सिगारेट, तर हिंदी शिपायांसाठी खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. युद्ध संपल्यावर मृतांच्या घरी काशाची तबकडी पोचली. परत आलेल्यांना पदकं मिळाली. युद्धपदकावर पाचव्या जॉर्जचा चेहरा आहे आणि भोवती लॅटिन अक्षरांत ‘इंड. इम्प.’. तेच ते अक्षर. मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ला शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरीच्या कितीतरी घरांचा या अक्षराशी संबंध असा जडला.

त्या काळात राजाच्या अक्षरातली पत्रंही मोठ्या संख्येने गेली, कैदेतून सुटलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना. ती हुबेहूब हाताने लिहिलेली दिसतात, पण छापील आहेत. शिळाछपाईने राजाचं हस्ताक्षर उतरवून हजारो प्रती काढल्या होत्या. भिंगाखाली धरा. खऱ्या शाईत दाब कमीजास्त होतो, रेघा एकमेकींवर चढतात तिथे काळोखी वाढते. छपाईत शाई सगळीकडे सारखी असते. असं पत्र निघालं तर निराश होऊ नका. त्याची किंमत राजाच्या हातात कधीच नव्हती, ती ज्याच्या घरी आलं त्या माणसाच्या नावात आहे.

२२ जून १८९७ला व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाची रोषणाई चालू असताना पुण्याच्या गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. आणि २२ जून १९४८, म्हणजे बरोबर एक्कावन्न वर्षांनी त्याच तारखेला, ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हा किताब राजाच्या बिरुदावलीतून अधिकृतपणे काढण्यात आला. पुण्याच्या जुन्या बाजारात कधी महोत्सवाचं पदक हाती लागलं, तर या दोन तारखा आठवा.

आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी डबी, तबकडी, पदक किंवा पत्र असेल तर ते भंगारात देऊ नका. युद्धपदकाची चांदी वितळवू नका. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती भिंग लावून आधी वाचा. पत्राला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि वेगळ्या चिठ्ठीवर लिहा की हे कोणाचं, कोणत्या गावचं, घरात कसं आलं. ते सांगू शकणारी आजी किंवा आजोबा हयात असतील, तर याच दिवाळीत त्यांना विचारा.