कोसबाडच्या टेकडीवरची आजी

आंबिवली आता महापालिकेत गेली असली, तरी स्टेशनापासून थोडं पुढे गेलं की अजून भाताची खाचरं लागतात. आवणीच्या दिवसांत आईबाप चिखलात असतात आणि पोर कुठे ठेवायचं हा घरोघरचा प्रश्न असतो. घरात म्हातारी असेल तर निभावतं. नसेल तर अंगणवाडीचा आधार. पण ही अंगणवाडी आली कुठून, असं विचारलं तर बहुतेक जण सरकारकडे बोट दाखवतात. खरं तर ती आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात उगवली. तिला वाढवणाऱ्या बाई म्हणजे कै. अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीच्या नशिबी चूल आणि माजघराचा कोपरा एवढंच असायचं. अनुताई मात्र शिकल्या आणि मास्तरीण झाल्या. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला चार वर्षं, मग पुण्याला हुजूरपागेत अकरा वर्षं त्यांनी शिकवलं. दिवसा नोकरी करून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या त्या थेट १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी. ‘आता या वयात कसलं शिकायचं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१९४५ साली पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या. त्याच वर्षी तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या दारी राबायची, त्याला लग्नगडी म्हणत. अशा मुलखात पाटी-पेन्सिल घेऊन जायचं, म्हणजे खडकावर बी पेरण्यासारखंच.

बालवाडी निघाली, पण गरिबाची पोरं तिथवर येईनात. कुणी लहान भावंडं सांभाळत होतं, कुणाला जातीमुळे संकोच वाटत होता. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीवर नेली. कुणाच्या तरी घरापुढच्या सारवलेल्या अंगणात पोरं जमवायची, म्हणून ती अंगणवाडी. अनुताई सकाळी वस्तीवर जायच्या. पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. विकतची खेळणी परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं, बांबूचे तुकडे यांवर पोरं मोजायला आणि रंग ओळखायला शिकली. आपल्या कोकणपट्टीत या वस्तूंना काय तोटा?

पुढे १९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शेतकऱ्यांना कोसबाड म्हटलं की तिथली कृषी संस्था आठवते. त्याच टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिचं नाव विकासवाडी. थोरल्या बहिणीच्या कडेवरचं मूल पाळणाघरात गेलं की ती बहीण वर्गात बसायला मोकळी, असा तो साधा हिशेब. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. ढोरं चरतायत, झाडाखाली बाई शिकवतायत, आणि पोराचा एक डोळा पाटीवर नि एक गाईवर! वस्तीवरच्याच पोरींना शिकवून त्यांनाच बालसेविका केलं, म्हणजे काम बाहेरच्या माणसावर अडून राहत नाही.

ऑगस्ट १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. या वयात शिक्षिका पेन्शन घेऊन नातवंडांत रमते. अनुताईंनी उलट सगळ्या संस्थेचा भार खांद्यावर घेतला आणि पुढची एकोणीस वर्षं तो वाहिला. १९८५ साली पद्मश्री मिळाली, तरी मुक्काम टेकडीवरच. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. सगळे त्यांना ताई म्हणत. पण सत्तेचाळीस वर्षांचा हिशेब करा. पहिल्या बालवाडीतली पोरं आईबाप होऊन, आजी-आजोबा व्हायच्या वयाला आली होती. पोटी मूल नसलेली ही बाई तोवर एका अख्ख्या मुलखाची आजी झाली होती.

डहाणू-कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलं. पण हा वारसा कल्याण, मुरबाड, शहापूरवाल्यांचाही आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. या योजनेत सहा कामं सांगितली आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि शाळेआधीचं शिक्षण. कोसबाडची खरी देणगी म्हणजे हे शेवटचं काम. पण गावात चौकशी होते ती खिचडीची, वजनाची आणि रजिस्टरची. पोर गाणं शिकलं का, खडे मोजायला लागलं का, हे कोण विचारतं? सेविकाताईंच्या डोक्यावर कागदांचं एवढं ओझं, की पोरांजवळ बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी महिन्यातून एकदा अर्धा तास अंगणवाडीत जाऊन बसावं. रजिस्टर नंतर बघावं, आधी पोरांना गाणं म्हणायला सांगावं. वीटभट्टीवरची, रानातल्या घरांतली पोरं येतात का ते बघावं. येत नसतील, तर आठवड्यातून दोन दिवस अंगणवाडीच तिकडे नेता येईल का, हे सेविकाताईंबरोबर बसून ठरवावं. आणि गावात पेन्शनीत निघालेल्या बाई असतील, तर त्यांना मानानं बोलवावं. गोष्ट सांगायला सरकारी मंजुरी लागत नाही.

येत्या १७ मार्चला फोटोला हार घालायला हरकत नाही. पण त्या सकाळी अंगणवाडीत एक जादा पोर आणून बसवलं, तर अनुताईंना ते अधिक आवडलं असतं.