नाकापेक्षा मोती जड : मुलांची शॉकअपची सायकल हलकी कशी कराल?

आजकाल खेड्यापाड्यांतल्या मुलांना साधी सायकल नको असते. पुढे दोन स्प्रिंगा, सीटखाली एक जाड स्प्रिंग, रुंद गोट्यांचे टायर आणि हँडलवर गिअरचे खटके अशी ‘डबल शॉकअप’वाली सायकल हवी असते. आपणही सोयाबीन-कांद्याचे चार पैसे हाती आले की मुलाची हौस पुरवतो. पहिले पंधरा दिवस सायकल अंगणातून हलत नाही. पुढे मात्र शाळेच्या चढावर मूल खाली उतरून ती ढकलू लागते, आणि दिवाळीपर्यंत ती गोठ्याच्या भिंतीला टेकते. आपण म्हणतो, पोरगं आळशी आहे. पण थांबा, आधी सायकल तोलून पाहा.

घरच्या धान्याच्या काट्यावर अशी २४ इंची सायकल ठेवलीत तर ती साधारण १५ ते १८ किलो भरते. दहा वर्षांचे मूल असते २५ ते ३० किलोचे. म्हणजे सायकल मुलाच्या निम्म्याहून अधिक वजनाची! साठ किलोच्या माणसाने पस्तीस किलोची सायकल शेताच्या चढावर हाणण्यासारखेच हे झाले. गोऱ्ह्याच्या मानेवर आपण थोरल्या बैलाचे जू ठेवत नाही. मग मुलाच्या बाबतीत तसे का?

ही स्प्रिंग आली कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १९७० नंतरच्या दशकात काही हौशी तरुण जुन्या सायकली उतारावरून पळवू लागले. त्यातून डोंगरी सायकल जन्मली. पुढे १९८९ च्या सुमारास तिला पुढचा शॉकअप बसू लागला. त्या चांगल्या शॉकअपमध्ये तेल असते. दबलेली स्प्रिंग पुन्हा वर उसळताना ते तिला आवरते. आपल्याकडच्या स्वस्त सायकलीत बहुधा नुसतीच स्प्रिंग असते. तिला आवर घालणारे काही नसते.

मागच्या स्प्रिंगवर पुष्कळदा ७५० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो. ७५० चा अर्थ असा, की ती स्प्रिंग एक इंच दबायला ७५० पौंड, म्हणजे सुमारे ३४० किलो भार लागतो. सांगाड्याच्या तरफेमुळे मुलाचा भार स्प्रिंगवर दुपटी-तिपटीने पडतो हे खरे, तरीही तीस किलोचे मूल नुसते बसून तिला पाव इंचही दाबू शकत नाही. गचके तर बसतातच, वर स्प्रिंगचे ओझे फुकट वाहावे लागते.

पैसा न लागणारी कामे आधी

पहिले काम साफसफाईचे. दोन्ही चाकांचे आस खोला, जुने काळे ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने धुऊन काढा आणि नवे ग्रीस भरा. पुढच्या चाकात बहुधा ३/१६ इंची आणि मागच्यात १/४ इंची छर्रे असतात. त्यांची मिसळ होऊ देऊ नका. कोन इतकाच आवळा, की चाक हलकेच फिरेल पण बाजूला डुलणार नाही. चेन पुसून तिला थेंब थेंब तेल द्या. एवढ्याने वजन रतीभरही घटत नाही, पण सायकल हलकी झाल्यासारखी पळते.

टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो, त्याच्या मर्यादेत हवा ठेवा. अर्धवट हवेचे रुंद टायर मुलाची बरीच ताकद खातात.

सीट अशी ठेवा, की पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. मात्र नवशिक्या मुलाचे पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. ब्रेकच्या मुठीत एक लहानसा स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते आणि लहान बोटे तिच्यापर्यंत पोचतात.

मग जे लागत नाही ते काढा. नकली टाकी, शोभेच्या नळ्या, मोडका स्टँड, रिकामे कॅरिअर. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून पाहा, म्हणजे डोळे उघडतील. पावसाळ्यात मडगार्ड मात्र राहू द्या, नाहीतर शाळेचे कपडे चिखलात जातील.

खर्च करायचा तर या क्रमाने

पहिला मान चाकांचा. फिरणारे वजन प्रत्येक वेळी वेग घेताना अधिक जाणवते. लोखंडी रीम काढून ॲल्युमिनियमची बसवलीत तर दोन्ही चाकांत मिळून अर्धा-पाऊण किलो घटतो. याहून मोठा लाभ दुसराच आहे. चकाकत्या लोखंडी रीमवर पाणी पडले की ब्रेकचे रबर घसरते. ॲल्युमिनियमवर ते पावसातही पुष्कळ चांगले पकडते. उतारावर पुढून ट्रॅक्टर येत असताना हा फरक जिवाचा असतो. नवी रीम घेताना हबची भोके मोजा, तितक्याच भोकांची रीम लागते.

टायर कमी गोट्यांचे आणि थोडे अरुंद घ्या. येथे एक खबरदारी हवी. नुसते ‘२४ इंची’ सांगून भागत नाही, कारण एकाच इंचाच्या नावाने वेगवेगळी मापे विकली जातात. जुन्या टायरच्या कडेवरचा तीन आकडी अंक पाहा. डोंगरी धाटणीच्या २० इंचीवर ४०६, २४ इंचीवर ५०७ आणि २६ इंचीवर ५५९ असतो. तोच अंक नव्यावर हवा.

दुसरा मान पुढच्या चिमट्याचा. स्प्रिंगचा चिमटा काढून साधा बसवला की सुमारे किलोभर वजन जाते. जुना चिमटा सोबत घेऊनच तालुक्याच्या दुकानी जा. वरच्या दांड्याची जाडी, आटे आणि ब्रेकची जागा जुळली पाहिजे. नवा चिमटा फार आखूड असला तर सायकल पुढे झुकते आणि हँडल चटकन वळून मूल पडते.

तिसरा मान पुढच्या तीन दातेरी चाकांचा. मागे सात गिअर असतील तर पुढे साधारण ३२ दात्यांचे एकच चाक मुलाला पुरते. पुढचा गिअर, त्याची तार आणि खटका निघून जातो. बऱ्याच सायकलींत ही तिन्ही चाके क्रँकला रिव्हेटने जोडलेली असतात, तेव्हा अख्खा क्रँकच बदलावा लागतो. बदलाल तेव्हा मुलाच्या उंचीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका क्रँक पाहा. मोठ्या माणसाचा १७० मिलिमीटरचा क्रँक लहान पायांना जड जातो. एक ध्यानात असू द्या : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सुटत नाही म्हणून जोर लावाल तर आटे खराब होतील.

हे सारे केलेत तर तीन-चार किलो सहज उतरतात. मागची स्प्रिंग बदलायचीच असेल तर बोल्टपासून बोल्टपर्यंत तेवढ्याच लांबीची, पण कमी आकड्याची घ्या.

हे मात्र कधीही करू नका

वजन घटवायला सांगाड्याला किंवा क्रँकला भोके पाडू नका. मागचा सांगाडा जेथे हलतो तेथे वेल्डिंग मारून तो जाम करू नका. एके दिवशी तो शेजारीच तडकतो. कोणताही ब्रेक काढू नका. काम झाल्यावर सगळे नट-बोल्ट आवळा, आधी स्वतः सायकल हातात धरून दोन्ही ब्रेक दाबून पाहा, आणि मगच ती मुलाच्या हाती द्या.

सुट्या भागांची किंमत नव्या साध्या सायकलीच्या निम्म्यावर जाऊ लागली तर तेथेच थांबा. साफसफाई आणि टायर एवढ्यावर भागवा. धाकट्यासाठी पुढे घ्याल तेव्हा बिनस्प्रिंगची, ॲल्युमिनियम रीमची सायकल दुकानातच उचलून पाहा आणि मुलालाही उचलू द्या. जी सायकल त्याला एकट्याला ओट्यावर चढवता येते, तीच तो रोज शाळेला नेईल.