बालाघाटहून पूर्वेला

पहाटे ४

जपानात साडेसात झालेले असतात. नागोयाचे एक गृहस्थ कारखान्यात निघण्याआधीची पंचवीस मिनिटं माझ्यासाठी राखून ठेवतात. तिकडे ऑनलाइन इंग्रजीचा तास एवढाच असतो. हा धंदा मुख्यतः फिलिपाइन्सच्या शिक्षकांनी वर आणला, त्यामुळे पडद्यावर सावळा चेहरा दिसला म्हणून कोणी दचकत नाही. दचकते ती आमची गल्ली. पावसाळ्याच्या अंधारात एकाच खिडकीत उजेड आणि आतून मोठमोठ्याने इंग्रजी! पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं होतं, पोरीची तब्येत बरी आहे ना.

इन्व्हर्टरवर फक्त राऊटर, लॅपटॉप आणि एक दिवा ठेवलाय. जुलैत बालाघाटची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि पंखा बंद असला तरी शिकवता येतं.

गृहस्थ 'डेस्क'ला 'देसुकु' म्हणतात. जपानीत 'न' सोडला तर व्यंजनावर शब्द सहसा संपतच नाही, स्वर चिकटतोच. 'चूक' म्हणून काही होत नाही. मी त्यांना शब्दाचा शेवट कुजबुजायला लावते. कुजबुजताना स्वर आपोआप गळतो. मग आवाज थोडा थोडा वाढवायचा. आज 'डेस्क' जमलं, 'टेस्ट' अजून 'तेसुतो' आहे. प्रश्न विचारला की ते बराच वेळ गप्प बसतात. ती शांतता भरून काढायची घाई करायची नाही, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. आमच्या आजोबांना काही विचारलं की असाच वेळ लागायचा.

सकाळी ६.३०

"जपान झालं?" आई चहा ठेवता ठेवता विचारते. तिच्या हिशेबात माझे विद्यार्थी देशाच्या नावाने ओळखले जातात. जपान झालं, थायलंड यायचं आहे, व्हिएतनामने फी दिली की नाही.

साडेसहा म्हणजे थायलंडात आठ. या मिनिटाला तिथल्या प्रत्येक शाळेच्या पटांगणात राष्ट्रगीत चालू होतं आणि झेंडा वर चढतो. मी ईसानात, म्हणजे त्या देशाच्या ईशान्येला, रॉई एत प्रांतातल्या एका सरकारी शाळेत शिकवत होते. राष्ट्रगीतानंतर बुद्धवंदना, मग मुख्याध्यापकांचं भाषण, ऊन चढेपर्यंत. मुलं मला नावाने नाही, 'टीचर' म्हणूनच हाक मारायची.

ईसान ही भाताची भूमी. जुलैत तिकडेही रोवणी चालू असते, पऱ्ह्यांच्या जुड्या तशाच बांधलेल्या, बायकांच्या कमरा तशाच वाकलेल्या. पण मला तिथे घरच्यासारखं वाटलं ते भातामुळे नाही. ईसानची मुलं घरी लाओच्या जवळची बोली बोलतात आणि शाळेत थाई. बँकॉकच्या लोकांना ती बोली गावंढळ वाटते, सिनेमा-मालिकांत ती मोलकरणीच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी असते. वर्गात पुढच्या बाकावरची पोरं थाईत फडाफड उत्तरं देत, मागची गप्प. इतर परदेशी शिक्षक म्हणत, मागची मुलं ढ आहेत.

लहानपणी आमच्या वर्गातही हेच होतं. बालाघाट १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, मग भोपाळकडे गेला. शाळा हिंदीत. पण बैहरकडून आलेली पोरं घरी गोंडी बोलायची, वारासिवनी-लालबर्ऱ्याची पोवारी, लांजीकडची आणि आम्ही मराठी, तीही अशी की पुण्याच्या नातेवाइकांना हसू यावं. 'पानी' म्हटलं की वहिनी 'पाणी' म्हणून सुधारायची. मास्तरांनी हिंदीत विचारलेलं आधी मनात मराठीत आणायचं, उत्तर मराठीत शोधायचं, मग हिंदीत न्यायचं. तोवर पुढच्या बाकावरच्याने सांगितलेलं असायचं. हे जिने केलंय तिला मागच्या बाकाचं मौन वाचता येतं. मी ईसानच्या मुलांना उत्तराआधी शेजाऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलायला दोन मिनिटं देऊ लागले. वर्गात कोलाहल व्हायचा, बाजूच्या वर्गातून तक्रार यायची. पण मागचे हात वर येऊ लागले.

सकाळी ८

मोती तलावापर्यंत चालणं, येताना काली पुतली चौकात पोहे. मध्य प्रदेशी रिवाजाप्रमाणे पोह्यांबरोबर जिलेबी घ्यावी की गोंदियाच्या रिवाजाप्रमाणे वरून तर्री ओतून घ्यावी, हा प्रश्न आमच्या गावाने कधी सोडवला नाही. मी दोन्ही घेते. मग दहापासून झोप. पहाटे उठणाऱ्याने दिवसा झोपण्याची लाज बाळगू नये.

दुपारी १

जेवण: चिन्नोरचा भात, लाखोरीची डाळ. चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून आई पाहुण्यांना वाढताना तसं सांगते.

मग हिशेब आणि ईमेल. आज एका कंपनीचं पत्र आलंय. दर तासाचे दोन दर आहेत: इंग्रजी 'मातृभाषा' असलेल्यांसाठी एक आणि उरलेल्यांसाठी त्याच्या निम्म्याहून कमी. विद्यार्थी तेच, पुस्तक तेच. थायलंडातही हेच पाहिलं. पदवी कशाची, शिकवण्याचा अनुभव किती, हे नंतर. आधी पासपोर्टचा रंग. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा तर सात इंग्रजी देशांपुरताच आहे. भारताशी झालेल्या आणि २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारामुळे आपल्या प्रशिक्षित शिक्षकांना तिथे फट मिळाली, पण नोकरी देणारे त्या फटीकडे फारसे बघत नाहीत. काश्मीरच्या ब्रज काचरूंनी १९८५ मध्येच मांडून ठेवलंय की इंग्रजी आता फक्त इंग्रजांची राहिलेली नाही, भारतासारख्या देशांत तिने आपलं वेगळं घर केलंय. विद्यापीठांत त्यावर परीक्षेला प्रश्न येतात. पगारपत्रकापर्यंत ते पोचलेलं नाही.

धंद्याचा भरवसाही कमीच. २०२१च्या जुलैत चीनने परदेशातून शाळकरी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घ्यायला बंदी केली आणि जगभरातल्या शिक्षकांचं काम एका फटक्यात गेलं. म्हणून मी एका देशावर विसंबत नाही.

कंपनीला नकार कळवला. तेवढ्या वेळात दुपारची शिकवणी भरते.

दुपारी ३.३०

ही मुलं गावातलीच, हिंदी माध्यमाची. भिंतीवर आशियाचा नकाशा आहे. त्यांना धडा नको, गोष्ट हवी असते, म्हणून मी प्रवासाच्या गोष्टी इंग्रजीत सांगते आणि मधे मधे थांबून विचारते, पुढे काय झालं असेल?

आज फनोम रुंग. बुरीराम प्रांतात विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर ख्मेर राजांनी बांधलेलं शिवमंदिर. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की आम्ही शिक्षक असे भटकायचो. कधी नोंग खाईला मेकाँगवरच्या १९९४ च्या मैत्री पुलावरून लाओसला, बहुतेक वेळा व्हिसाच्या कामाने, कामाच्या निमित्ताने व्हिएंतियानच्या नदीकाठी संध्याकाळ काढायला. फनोम रुंगच्या दारावरची शेषशायी विष्णूची कोरीव शिळा १९६० च्या दशकात चोरीला गेली. ती सापडली थेट अमेरिकेत, शिकागोच्या कलासंग्रहालयात. थाई लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १९८८ मध्ये ती परत आली आणि पुन्हा त्याच दारावर बसली. तिच्याखाली मान वर करून उभं राहिलं की वाटतं, नाभीतून निघालेलं कमळ इथे जरा जास्तच फांद्या घेऊन फुललंय.

"मॅडम, व्हाय शिकागो कीप अवर विष्णू?" सातवीतल्या एकाने विचारलं. व्याकरण मी नंतर दुरुस्त केलं. 'अवर' तसाच राहू दिला.

संध्याकाळी ५.३०

व्हिएतनाममध्ये सात. हीच माझी सर्वांत गर्दीची वेळ, कारण तिकडे आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचं वेड आहे. हनोईची एक मुलगी 'लाइक', 'लाइफ', 'लाइट' सगळ्याला 'लाइ' म्हणते. तिच्या भाषेत शेवटचं व्यंजन तोंडातच अडवून धरतात, बाहेर सोडत नाहीत. 'फ' तर शेवटी येतच नाही. "शेवट नीट म्हण" म्हणून उपयोग नसतो, तिला तो शेवट ऐकूच येत नाही. मग मी पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडते: 'लाइक इट'. आता 'क' पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला सरकतो, आणि सुरुवातीचा 'क' तिला चांगला येतो. 'लाइ-किट, लाइ-किट' दहादा. मग 'इट' हळूहळू पुसून टाकायचा. आज पुसताना 'क' राहिला. ती टाळ्या वाजवत खुर्चीवरून उठली, मागून तिची आजी डोकावली.

माझ्या उच्चारातही गावाची छाप आहेच. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' मी आरशासमोर उभी राहून वेगळे केले. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे की ओठांचा चंबू करायचा, हे मी कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन दाखवते. ज्याला ते जन्मतः येतं त्याला त्याची पायरी कुठे आहे ते माहीत नसतं.

रात्री ८.३०

लांजीच्या एका मुलीचा फोन. बी.एड. झालंय, बाहेर जायचंय. "ताई, आधी काय करू?"

सांगते ते रुक्ष आहे. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं साक्षांकित करायला भोपाळच्या फेऱ्या माराव्या लागतील, आपल्याला नागपूर कितीही जवळ असलं तरी. पोलिसांचा दाखला काढ. थायलंडसाठी टोइक या इंग्रजी परीक्षेत ६०० गुण बहुतेक ठिकाणी मागतात, व्हिएतनामसाठी पदवीसोबत इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र. कुणी एजंट म्हणाला, पर्यटक व्हिसावर चल, परवाना नंतर काढू, तर फोन ठेवून दे. जायचं तेव्हा मुंबईकडे वळू नकोस. गोंदियाहून हावडा मेल पकड, कोलकात्याहून बँकॉक जेमतेम अडीच तास आहे.

"आणि पगार?"

दोन आकडे सांगितले, गोऱ्या शिक्षकाचा आणि आपला. पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग तिची आई फोनवर येते. "बाई, तिथं भात भेटते ना?"

"तिन्ही त्रिकाळ भातच भेटते, मावशी."

"मंग जाऊ दे तिले. पन त्या गोऱ्याएवढाच पगार माग म्हणा."

मुलीने फोन परत घेतला. बायोडाटा कसा लिहायचा ते उद्या दुपारी दोनला, थायलंडच्या तासाआधी, असं ठरलं.